म्हसवडच्या गाडीची चार भोकं

मोटारीचा मालक मोटार घेऊन आला की आधी रंगाबद्दल बोलतो, मग इंजिनाबद्दल, मग हॉर्नबद्दल. बुडाबद्दल कोणी बोलत नाही. बूड ही गोष्टच तशी आहे, स्वतःची असो की गाडीची, दुखल्याशिवाय तिची आठवण होत नाही. माझा सगळा धंदा या विसरण्यावर चालला. साताऱ्यात पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला माझी शेड होती आणि तिथं मी तीस वर्षं लोकांच्या गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून काढली. अजूनही कोणी जुनी गाडी कौतुकानं दाखवायला आणली तर माझी मान आपोआप खाली वाकते, आणि मालकाला वाटतं, मिस्त्री गाडीला नमस्कार करतोय.

मी सांगतोय ती साठीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नवी मोटार घ्यायची म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळं साहेब लोक जाताना सोडून गेलेल्या, चार हात फिरलेल्या विलायती गाड्या डॉक्टर-वकिलांकडं मरेपर्यंत राबायच्या. आता हौशी मंडळी अशा गाड्यांना आंजारतात-गोंजारतात. तेव्हा हौस कुणाला होती, नड होती. इंजिन टिकायचं, वरचा पत्रा टिकायचा, पण पायाखालचा तळ जायचा. रबरी चटईखाली ओल साठते, पत्र्याला पापुद्रे सुटतात, आणि एक दिवस पायाशी रस्ता पळताना दिसायला लागतो. मग तो सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, पुठ्ठ्याचा साचा करून नवा पत्रा त्या आकाराचा ठोकायचा, त्याला उभ्या घड्या घालायच्या म्हणजे पायाखाली तो डबडब वाजत नाही, आणि गॅसनं जोडायचा. सांगायला दोन मिनिटं, करायला दोन आठवडे, आणि मालक चौथ्या दिवशी दारात हजर.

पत्रा मिळवणं ही वेगळीच डोकेदुखी होती. नवा काळा पत्रा परमिटशिवाय मिळत नसे. आम्ही डांबराची रिकामी पिंपं उभी चिरून, उलगडून, जाळून साफ करायचो आणि त्याचाच पत्रा वापरायचो. त्यामुळं माझ्या हातून गेलेल्या बऱ्याच गाड्यांना उन्हाळ्यात डांबराचा वास यायचा. मालक तक्रार करायचे आणि मी इंजिनाकडं बोट दाखवायचो.

पण खरा वैताग होता तो मालकांच्या घरगुती इलाजांचा. गाडी माझ्याकडं यायच्या आधी तिच्यावर चार वर्षं वैदूगिरी झालेली असे. कोणी वनस्पती तुपाचा डबा ठोकून बसवलेला, कोणी गोणपाट डांबरात बुडवून चिकटवलेलं. कोयनानगरहून एक ठेकेदार आला होता, त्याची तक्रार अशी की गाडी कुंभार्ली घाट चढत नाही, इंजिन बघा. मी चटई उचलली तर खाली सिमेंट. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरून त्यानं गाडीत चार बोटं जाडीचा काँक्रीटचा थर ओतला होता, वरून घोटाईसुद्धा केलेली.

"मिस्त्री, ह्याच्यावर धरणाची भिंत उभी ऱ्हाती," तो म्हणाला, "मोटारीचं बूड म्हंजी काय चीज हाय?"

मी दोन दिवस पहारीनं ते काँक्रीट फोडत होतो. खाली पत्रा असा काही उरलाच नव्हता, गंजाचा भुगा तेवढा होता. ठेकेदार शेजारी स्टुलावर बसून मला पहार कशी मारायची ते शिकवत होता.

हे सांगायचं कारण म्हणजे, मूर्खपणा करायचा तो मालकांनी आणि निस्तरायचा तो मिस्त्रीनं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. मी लष्करातल्या वर्कशॉपात नऊ वर्षं हात काळे केलेले. जीप आणि ट्रक यांची बुडं मी झोपेत बदलली असती. आमच्या वस्तीतला पत्र्याचं काम शिकलेला मी पहिलाच माणूस. वडील गावकीची कामं करत जन्मभर मान खाली घालून वागलेले, त्यामुळं मी मान जरा जास्तच ताठ ठेवत असे. मिस्त्री म्हणून हाक मारल्याशिवाय मी ओ देत नसे. ही ताठ मान कधीतरी मोडणारच होती, ती म्हसवडच्या गाडीनं मोडली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी आली. काळी, चार दारांची, लढाईनंतरच्या दोन-चार वर्षांत विलायतेहून आलेली. चालवत होता धोंडिबा. हा पलटणीतून ड्रायव्हर म्हणून सुटून आलेला, आणि म्हसवडच्या डॉक्टरीणबाईंकडं ड्रायव्हर, कंपाउंडर, दिवाबत्तीवाला सगळं काही. मागच्या सीटवर स्वतः बाई बसलेल्या. चाळिशीच्या, सडसडीत, पांढरं पातळ, पायात पुरुषी सँडल. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर अडलेल्या बाळंतिणी होत्या, त्या या एका गाडीतून बाईंच्या दवाखान्यात यायच्या. अवघड केस असेल तर तीच गाडी पुढं साताऱ्याच्या मोठ्या इस्पितळात.

"आवं मिस्त्री, बूडच न्हाई ऱ्हायलं गाडीला," धोंडिबा म्हणाला. "पाय जरा सोडला की रस्त्याला लागतोय. परवा दहिवडीच्या अल्याड एका म्हातारीचा पानाचा डबाच खाली गेला की. मागं सून कळा देतीय आन् म्हातारी म्हनती, गाडी थांबवा, माझा डबा."

"थांबवलीस?"

"थांबवती व्हय. बाईंनी मला डोळा दावला."

मला वेगळाच प्रश्न पडला होता. माणदेशात पाऊस कुठला? तिकडं माणसाला प्यायला पाणी नाही, पत्रा गंजायला कुठून येणार? मी खाली झोपून बघितलं तर तळाची खालची बाजू कोरडी ठणठणीत, नुसता फुफाटा. गंज वरून खाली आलेला होता, आतून. चटई उचलली तर ब्लिचिंग पावडरीचा भपकारा नाकात गेला. ब्लिचिंगच्या पाण्यानं पत्रा किती झपाट्यानं खाल्ला जातो हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल.

"गाडीत पाणी कोण ओततं?" मी विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "पेशंट उतरली की दोन बादल्या. एक ब्लिचिंगची, एक साधी."

मला भडकायला एवढं पुरे होतं. मी त्यांना पत्रा, पाणी आणि हवा यांच्यावर व्याख्यान दिलं. गाडी म्हणजे काही अंगण नव्हे, ओल्या फडक्यानं पुसा, वर्षातून एकदा ऊन द्या, वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्त्री, एकीच्या रक्तात मी दुसरीला झोपवणार नाही," त्या म्हणाल्या. "धुवायचं ते मी धुणारच. तुम्ही असं करा, नव्या तळाला चार कोपऱ्यांत चार भोकं ठेवा. पाणी ओतलं की खाली निघून जाईल."

मी हसलो. आता लिहिताना सुद्धा कानशिलं गरम होतात, पण हसलो. आयुष्यभर मी भोकं बुजवत आलो आणि ही बाई मला नव्याकोऱ्या पत्र्याला भोकं पाडायला सांगत होती.

"बाई, ही मोटार आहे, मोरी नव्हे," मी म्हणालो.

"मोरीच आहे," त्या म्हणाल्या. "मोरीला भोक नसेल तर पाणी तुंबतं, एवढंच मला कळतं."

"माझ्या शेडमधून भोकाची गाडी बाहेर गेली तर लोक मला काय म्हणतील?"

त्यावर त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस. मी बारा दिवस सांगितले. त्या म्हणाल्या, "जत्रेच्या आत हवी. सिद्धनाथाच्या रथाला माणूस मुंगीसारखं लोटतं, आणि गर्दीत कुणाचं ना कुणाचं दुखायला लागतंच." जत्रेला महिना होता. मी छाती ठोकून म्हणालो, जत्रेच्या आत दोनदा करून देईन.

आता माझी चूक सांगतो. मोटारी दोन जातीच्या असतात. जुन्या जातीला खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर वरचं घर ठेवलेलं. अशा गाडीचा तळ तुम्ही खुशाल कापून काढा, सांगाडा सगळं धरून ठेवतो. जीप, ट्रक या जातीचे. लढाईनंतर मात्र विलायतेत दुसरी जात निघाली. तिला सांगाडा नाहीच. तळाचा पत्रा आणि दारांखालचे पोकळ उंबरे, हाच तिचा कणा. पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडं टाकून बूड कापलं तर ट्रंक जशी चेपते, तशी ही गाडी चेपते. म्हणून आधी दारांच्या चौकटीत आडवेतिडवे लोखंडी गज जोडून तिला जखडायची आणि एका वेळी एकच बाजू कापायची. हे मला माहीत होतं का? ऐकून माहीत होतं. पण लष्करात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला ऐकीव गोष्टी पटत नाहीत. शिवाय दोन्ही बाजू एकदम कापल्या तर चार दिवस वाचणार होते, आणि ताबडतोब काम देऊन बाईंना माझा हात दाखवायचा होता.

सहाव्या दिवशी मी छिन्नीनं दोन्ही उंबरे आणि सगळा तळ काढून टाकला. पुढं-मागं लाकडी ठोकळे लावलेले होते. सातव्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर चारही दारं आवळून बसलेली. गाडी मधोमध खचली होती. छपराला, बरोबर मध्यावर, बोटभर सुरकुती आली होती.

अशा वेळी शहाणा माणूस खाली बसून विचार करतो. मी दारांची कुलपं कानसली. मग बिजागऱ्या वाकवल्या. मग एका दाराची कड ठोकली. म्हणजे गाडीनं पाठ मोडून घेतलेली आणि मी तिच्या सदऱ्याची बटणं सैल करत बसलो. चार दिवस मी असे वाया घालवले आणि शेडमधल्या प्रत्येकावर खेकसलो. घरी बायकोनं विचारलं, काय झालं? तिच्यावरही खेकसलो.

बाराव्या दिवशी धोंडिबा एस.टी.नं आला. मी गाडीवर ताडपत्री टाकून तिच्यापुढं उभा राहिलो.

"झाली का वो गाडी?"

"झाल्यासारखीच. रंग वाळायचा आहे," मी म्हणालो.

"लवकर बगा मिस्त्री. बाई बैलगाडीनं जात्यात. परवा रांजणीच्या अंगाला गेल्या, सहा मैल, पाठ धरली त्यांची. दुसरी गाडी म्हंजी गावात एकच ट्रक हाय, त्यो कांद्याला जुपलाय."

"चार दिवसांत देतो."

त्यानं ताडपत्रीकडं बघितलं. पलटणीतला माणूस, त्याला खालून उजेड दिसला असणार. पण तो चहा पिऊन गेला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खाली बसलो आणि कबूल केलं की ही गाडी मूळची कशी होती हे आता मला कळायला मार्ग नाही. जॅक लावून मधला भाग उचलता येईल, पण किती उचलायचा? दाराच्या चौकटीचा कोपरा ते कोपरा तिरपं अंतर नेमकं किती होतं, हे कापायच्या आधी मोजायचं असतं. मी मोजलेलं नव्हतं. तेव्हा तशीच दुसरी गाडी शोधून तिची मापं आणणं एवढाच उपाय होता. चौकशी करता करता एका एस.टी. ड्रायव्हरनं सांगितलं, सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं तशी गाडी आहे. पण त्यात पाच दिवस गेले.

सांगलीच्या त्या शेटजींचा स्वभाव चांगला होता, एवढं आधीच सांगतो. गाडी त्यांच्या हळदीच्या वखारीत उभी होती, पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली. मी म्हटलं, फक्त मापं घेतो. ते म्हणाले, घ्या की. मी सुतळी काढली. चौकटीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणायची आणि जिथं संपेल तिथं गाठ मारायची, ही आमची मापाची रीत. टेप वाकतो, माणूस आकडा विसरतो, गाठ विसरत नाही. मी सात गाठी मारल्या आणि आठवी मारणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"आरं, ह्यो कोन गाटी मारतोय आपल्या गाडीला?"

शेटजींच्या मातोश्री होत्या. त्यांनी माझ्या हातातली सुतळी हिसकून घेतली आणि सरळ परसदारी जाऊन पाण्याच्या बंबाखाली टाकली. घरातल्या वस्तूला दोरा लावून, गाठी मारून परका माणूस दोरा घेऊन चालला, म्हणजे करणीच, दुसरं काय? मी त्यांना समजावायला लागलो. आमच्या घरानं छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक विसर्जित केले, अंगारे-धुपारे सोडले, माझ्या आईनं गळ्यातला ताईत तोडून टाकला. आणि त्या घरातल्या माणसावर सांगलीच्या हळदीच्या वखारीत करणीचा आळ. हसावं की कपाळ बडवावं ते कळेना.

"आई, ते मिस्त्री आहेत," शेटजी म्हणाले.

"मिस्त्री असंल. गाटी मारायच्या न्हाईत."

"मग मापं कशी घेऊ, आजी?" मी विचारलं.

म्हातारीनं विचार केला. "काठी घे. काठीवर हळदीची खूण कर. हळदीनं कुनाचं वाईट हुत न्हाई."

मग मी बांबूच्या कामट्या तासून घेतल्या, त्या तिरप्या लावल्या आणि शेटजींच्या पोत्यातली हळद ओली करून खुणा केल्या. म्हातारी शेवटपर्यंत उभी राहून बघत होती. मधेच तिनं माझं गाव विचारलं, मग गावातली वस्ती विचारली. त्यानंतर चहा आला तो दारामागच्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. त्यांच्या गाडीच्या पोटाखाली मी तासभर झोपलो, ते चाललं होतं. मी चहा प्यायलो नाही. भांडायला मात्र वेळ नव्हता. खरं सांगायचं तर भांडायला तोंडही माझ्याकडं उरलं नव्हतं, कारण मी त्यांच्या दारात स्वतःची चूक झाकायला गेलो होतो.

आठ कामट्या, एकेक चार हात लांब, घेऊन मी एस.टी.त चढलो. कंडक्टरनं विचारलं, मांडव घालायला चाललाय काय? मी त्याच्यावरही खेकसलो. कऱ्हाडपर्यंत एका बाईच्या डोक्याला त्या लागत राहिल्या आणि तिच्या पदराला हळद लागली.

मापं हाती आल्यावर काम सरळ झालं. मधोमध दोन जॅक, दोन्ही बाजूंच्या चौकटींत गज, आणि रोज थोडं थोडं उचलायचं. एकदम उचललं तर काच फुटते. हळदीच्या खुणेला कोपरा टेकायला चार दिवस लागले. मग एक उंबरा, मग दुसरा, मग तळ. गॅस करायचं कार्बाइड संपलं ते पुण्याहून यायला दोन दिवस. धोंडिबा मधे एकदा आला तेव्हा मी ताडपत्री काढून सगळं खरं दाखवलं. तो पोकळ गाडीत डोकावला, खाली जमीन बघितली.

"मला त्या दिशीच कळलं हुतं," एवढंच म्हणाला.

"बाईंना सांगितलंस?"

"काय सांगू? रंग वाळतोय म्हनून सांगितलं."

गाडी पुरी झाली ती एकतिसाव्या दिवशी. जत्रा होऊन तीन दिवस झाले होते. तळ मात्र असा जमला होता की सांगायची सोय नाही. सरळ घड्या, कुठं टाका दिसत नाही, वरून लाल रंग, खालून डांबर. दारं बोटानं ढकलली तरी लागत होती. धोंडिबा न्यायला आला तेव्हा मी म्हणालो, मीही येतो, बाईंना स्वतः दाखवतो. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. उशीर झाला ते झाला, पण काम बघून त्या विसरतील असं मी धरून चाललो होतो.

धोंडिबा एरवी बडबड्या माणूस. त्या दिवशी दहिवडी ओलांडली तरी गप्प होता. मीच तळावर टाच आपटून म्हणालो, "बघ, आवाज तरी येतो का?"

"न्हाई येत," तो म्हणाला. मग गाडीचा वेग कमी करून म्हणाला, "मिस्त्री, तुमास्नी सांगू का नगं, कळंना. जत्रेच्या आदल्या आठवड्यात एका वाडीवरनं बोलावनं आलं. पयलटकरीन. पोर आडवं. बाई बैलगाडीनं गेल्या, मी बैल हाकलं. आठ मैल. पोचलो तवा लय उशीर झाला हुता."

"मग?"

"आई वाचली. बाईंनी वाचवली तिला. पोरगं गेलं. मुलगा हुता."

 पुढं सगळा रस्ता मी माझ्या पायाखालचा तळ बघत होतो. गाडीनं ते आठ मैल वीस मिनिटांत तोडले असते. धोंडिबाला मी हे विचारलं नाही, कारण त्यानं हिशेब कधीच केलेला असणार.

म्हसवडात रस्त्याच्या कडेला अजून गुलाल होता. बाई दवाखान्याच्या ओट्यावर आल्या. मी उशिराबद्दल काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मला रागाचा एक शब्द ऐकवला नाही, हे मला फार जड गेलं. शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन शब्द बोललो असतो, कार्बाइडचं सांगितलं असतं, सांगलीचं सांगितलं असतं. त्यांनी दारं उघडून-लावून बघितली, तळावर हात फिरवला.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि धोंडिबाला बादली आणायला सांगितली.

त्यांनी बादली माझ्यासमोर गाडीत ओतली. मुद्दाम मला खिजवायला नव्हे. नवी वस्तू वापरायच्या आधी धुऊन घ्यायची त्यांची सवयच ती. पाणी माझ्या सरळ घड्यांमधून पसरलं आणि कोपऱ्यांत जाऊन उभं राहिलं. कुठूनही थेंब गळला नाही. एरवी मी हे चार लोकांना बोलावून दाखवलं असतं. बाई फडकं घेऊन वाकल्या आणि ते पाणी टिपून बादलीत पिळायला लागल्या. ओट्यावर एक पोटुशी बाई भिंतीला टेकून वाट बघत बसली होती.

"थांबा बाई," मी म्हणालो.

हत्यारांची पिशवी माझ्याबरोबर होती. हातानं फिरवायचं ड्रिल काढलं, गाडीत गुडघे टेकले, आणि ज्या तळावर मी एकतीस दिवस घालवले होते त्याच्या सगळ्यांत खोल कोपऱ्यात टोक टेकवलं. पत्र्याचा कीस बाहेर यायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. धोंडिबा समोर होता, त्यानं मान फिरवली. एका मागून एक चार भोकं पाडली. पाणी चार धारांनी खाली गेलं आणि फुफाट्यात जिरलं. भोकांच्या कडा नुसत्या सोडल्या तर तिथूनच गंज धरतो, म्हणून कानसून त्यांना रंग लावला.

"बुचं लागतील," मी म्हणालो. "नाहीतर रस्त्याची धूळ वर येईल."

बाई आत गेल्या आणि सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांची रबरी बुचं घेऊन आल्या. चारही अशी चपखल बसली की मी तासून केली असती तरी बसली नसती.

"हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या, आणि ओट्यावरच्या बाईला आत घेऊन गेल्या.

त्यानंतर दर दसऱ्याला धोंडिबा गाडी घेऊन माझ्याकडं यायचा. मी खाली झोपून बुचं काढायचो, कडांवरून बोट फिरवायचो, रंगाचा हात द्यायचो. पाण्याच्या रोज दोन बादल्या चालूच होत्या, तरी त्या तळाला शेवटपर्यंत गंज चढला नाही. एका दसऱ्याला मी धीर करून त्या वाडीवरच्या पोरीचं विचारलं. धोंडिबा म्हणाला, दुसरी वेळ नीट झाली, मुलगी हाय, दवाखान्यापतूर पोचलो न्हाई, गाडीतच झाली. मग बुचं काढून बाईंनी गाडी धुतली.

लोक अजून विचारतात, मिस्त्री, तुमच्या हातचं सगळ्यांत टिकलेलं काम कुठलं? मी म्हसवडच्या गाडीचं नाव घेतो. त्या कामातली चार भोकं तेवढी बाईंच्या डोक्यातली होती, आणि ती पाडायची अक्कल मला एकतीस दिवस उशिरा आली.